नाव तेवढं उडालं

कॉम्प्युटर एक, पण आत ऑपरेटिंग सिस्टिमची बिऱ्हाडं दोन. चालू केला की पडद्यावर दोन नावं यायची, नवऱ्याचं लिनक्स, तिचं विंडोज. आज एकटं लिनक्सच आलं. नवऱ्याने न विचारता अपडेट केलं आणि यादीतून तिचं नाव उडालं. दुपारपर्यंत तिला विंडोजमधले पुलाचे नकाशे पाठवायचे होते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "एवढी काय चिडतेस?" दुरुस्तीसाठी पेनड्राइव्ह लावत तो म्हणाला. "तुझं सगळं आत शाबूत आहे. फक्त नाव दिसत नाहीये." ती स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराबाहेर गेली. घर दोघांचं, दारावरची पितळी पाटी मात्र त्याच्या एकट्याच्या नावाची. तिचं नाव लग्नापासून 'पुढे कधीतरी' टाकायचं होतं. पाटी काढून तिने कीबोर्डवर आपटली. "हे काय केलंस?" "एवढा काय चिडतोस?" ती म्हणाली. "तू आत शाबूत आहेस. फक्त नाव दिसत नाहीये."