ऋषिपंचमीची बैठक

अक्कांनी हात वर केला आणि घरापुढच्या खळ्यात शिरलेले भजनी मंडळ जागच्या जागी थांबले. पखवाजावर पडायला निघालेली थाप हवेतच राहिली.

आत, गणपतीच्या अगदी शेजारी, सून गौरजा लॅपटॉपसमोर बसली होती. कोकणातल्या जामसंड्याच्या त्या घरात इंटरनेटची जोडणी त्याच खोलीतल्या भिंतीवर होती. दुसऱ्या खोलीत गेले की पडद्यावरचे चेहरे गोठत आणि शब्द तुटत. तिच्या पाठीशी गणपती होता. त्याच्या वर माटवीच्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घड आणि कवंडळाची लालबुंद फळे टांगली होती. बैठकीतल्या लोकांना मात्र तिच्यामागे पुस्तकांचे एक नीटनेटके कपाट दिसत होते. असे कपाट तिच्या पुण्याच्या घरात नव्हते आणि जामसंड्यातही नव्हते. ते लॅपटॉपने उभे केलेले निव्वळ चित्र होते.

भजनाचे बुवा बाबू पडवीच्या पायरीशी आले. त्यांना कोणी थांबवले, असे आजवर झाले नव्हते.

"अक्का, औंदा ह्या घरात गणपती बसलो की साहेब?"

"दोघय बसलेत," अक्का म्हणाल्या. "गणपतीक घाई नाय, सायबाक आसा."

मंडळी तोंडावर उपरणे धरून हसली आणि पडवीत मुकाट्याने टेकली.

या साऱ्याला मूळ कारण अक्काच होत्या. मुलगा विश्वेश बोटीवर. चतुर्थीला घरचे माणूस घरात हवे, हा त्यांचा हुकूम. गौरजेने रजा मागितली. ऑफिसातल्या अनिश साहेबांनी ती नाकारली. पुण्यात असाल तर घरी बसून काम करा, पण पुणे सोडायचे नाही, असेही बजावले. नव्या कामाचा प्रमुख आज ठरायचा होता. ते पद आपलेच, असे गौरजेला वाटत होते आणि तसे वाटण्याजोगे काम तिने केले होते. तिने सासूचा हुकूम पाळला, साहेबांची बैठकही चुकवली नाही, आणि दोन्ही साधण्यासाठी पाठीमागे ते कपाट उभे केले.

अक्का कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. साहेबांचे इंग्रजी त्यांना कळत होते आणि त्यातल्या चुकाही कळत होत्या. सून बोलू लागली, तेव्हा त्यांची मान किंचित ताठ झाली. गौरजा स्वच्छ बोलत होती. प्रश्न आला की थांबत होती, विचार करत होती, मगच उत्तर देत होती. पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकटींतली माणसे माना डोलवत होती. मधल्या चौकटीत अनिश साहेब होते. काळा कोट, टाय, मागे काचेची भिंत आणि भिंतीपलीकडे उंच इमारती. त्यांनीही एकदा समाधानाने मान हलवली.

नेमकी त्याच क्षणी पडवीतल्या कोणाच्या तरी मांडीवरून झांज निसटली. ती उंबरठा ओलांडून आत आली, खोलीभर घरंगळली आणि गणपतीच्या पाटाला आपटून घणघणली.

साहेबांचा चेहरा बदलला. हा कसला आवाज, त्यांनी विचारले. गौरजेने मागे वळून झांज हाताने दाबून धरली. तुम्ही पुण्यातच आहात ना, त्यांनी विचारले. मग मागचे ते चित्र काढा, ते थंडपणे म्हणाले.

गौरजेने बोट कळीवर नेले. तिने सासूकडे पाहिले. इतके दिवस मेहनतीने जवळ आणलेले पद आता एका बोटाच्या दाबाने जाणार होते.

अक्का पुढे आल्या.

"काढ गो तो पडदो. घरात देव बसलोहा, चोरीचो माल नाय."

गौरजेने कळ दाबली. कपाट नाहीसे झाले. साऱ्या चौकटींना एकदम गणपती दिसला, समया दिसल्या, माटवी दिसली आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या अक्का दिसल्या. साहेबांनी घसा खाकरला. शिस्तीचा प्रश्न आहे, त्यांनी सुरुवात केली. जो माणूस कामाच्या वेळी आपल्या गावी...

अक्कांनी ते वाक्य पुरे होण्याची वाट पाहिली नाही. लपवण्याजोगे काही उरले नव्हते. मग देवाला कशासाठी खोळंबवायचे? त्यांनी पडवीकडे मान वळवली आणि शाळेची घंटा द्यायला सांगावे तशा सुरात म्हटले, "बाबू, आरती घेवा."

अडवून धरलेला पखवाज असा काही कडाडला की माटवीचे नारळ हलले. टाळ, झांजा, बुवांचा खडा आवाज, आणि त्यावर अक्कांचा त्याहून खडा आवाज. गौरजा उठून उभी राहिली. तिला आता कशाचीच भीती उरली नव्हती. लॅपटॉप उघडाच होता. पडद्यावर कोणीतरी हसले. एका चौकटीतली मुलगी टाळ्या वाजवत उभी राहिली, मग दुसरीतला तरुण, मग आणखी कोणी. सारी बैठक उभी राहिली.

एकटे साहेब खुर्ची धरून बसले होते. त्यांनी नजर खाली वळवली, ओठ घट्ट मिटले आणि ते दोनदा चुळबुळले. आरती चालू असताना बसून राहण्याची सवय त्या शरीराला नसावी. तिसऱ्या कडव्याला त्यांचे हात आपोआप जुळले, आणि पुढचा विचार करायच्या आत ते ताडकन उभे राहिले.

मागची काचेची भिंत त्यांच्या खांद्यांभोवती क्षणभर विरली आणि पुन्हा जुळली. अंगात कोट होता, गळ्यात टाय होता, आणि कमरेला पिवळेधमक सोवळे होते.