आधी थोरला, मग धाकटा

“डबा तिथंच ठेव. उंबऱ्याच्या आत आणू नकोस,” मेट्रन म्हणाली.

सून दारातच थांबली. लग्नाला आठ दिवस झाले होते आणि माहेरून ती दोन बॅगा व झाकणाला भोकं पाडलेला एक डबा घेऊन आली होती. डब्यात कापडी पिशवी होती. पिशवीत हातभर लांबीचा पाळीव अजगर वेटोळं घालून पडला होता.

मेट्रनला सापाची भीती नव्हती. तिच्या पुढच्या खोलीत काचेच्या पेटीत एक अजगर सोळा वर्षं सुखाने नांदत होता. तो तिच्या नवऱ्याने पाळलेला. शेवटच्या दिवसांत नवरा फार बोलला नाही. “माझ्या मागे याला जप,” एवढंच म्हणाला. तेव्हापासून तो साप म्हणजे तिचा जीव की प्राण. तिला धास्ती होती ती नव्या पाहुण्याबरोबर येणाऱ्या रोगाची.

तीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली बाई ती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी पोटचा मुलगासुद्धा तिला मेट्रनच म्हणायचा.

“नव्वद दिवस हा मागच्या खोलीत राहील,” तिने सांगितलं. “याचा चिमटा वेगळा, पाण्याचं भांडं वेगळं, फडकं वेगळं. तळाला पांढरा कागद घालायचा, म्हणजे अंगावरचा किडा पडला तर दिसेल.”

“मी तसंच करणार होते, आई.”

“करणार होतीस, चांगलं आहे. आता मी सांगते तसं कर.”

मुलाने दोघींकडे पाहिलं आणि शहाण्या माणसासारखा बॅगा उचलून आत गेला. जुन्याला थोरला आणि नव्याला धाकटा ही नावं त्यानेच ठेवली.

तिसऱ्या दिवशी प्राण्यांची डॉक्टर आली. तिने धाकट्याचं वजन केलं, तोंडात बोळा फिरवून नमुना घेतला.

“थोरल्याचाही घेऊ का?”

“त्याला कशाला? सोळा वर्षांत एक दिवस आजारी नाही. जरा घोरतो, पण ते वयामुळे.”

धाकट्याचा रिपोर्ट चांगला आला. “तरी एका रिपोर्टवर विसंबू नका,” डॉक्टर म्हणाली.

“विसंबतंय कोण?” मेट्रन म्हणाली.

रोज सकाळी ती ॲप्रन बांधायची. आधी थोरल्याची पेटी पुसायची, त्याला पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवायची. मग मागच्या खोलीत जाऊन धाकट्याचं सगळं करायची. उलट कधीच नाही. धाकट्याकडून आली की कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायची आणि ॲप्रन उकळत्या पाण्यात टाकायची. सून नुसती दारात उभी राहून बघायची. साप तिचा, पण हात लावायची सोय नव्हती.

“आई, मधे पण हात धुवायचे का? थोरल्याकडून धाकट्याकडे जाताना?” एकदा तिने भीत भीत विचारलं.

मेट्रन हसली. “हॉस्पिटलात धुवायचे, बाई. तिथं सगळेच परके. थोरला घरचा आहे, त्याचं काय लागणार?”

सुनेने मान डोलावली. नव्या नवरीने याहून जास्त काय करायचं?

चाळिसाव्या दिवशी धाकट्याने खाणं सोडलं. मान वर करून, तोंड उघडं टाकून तो श्वास घेऊ लागला. जबड्याच्या कडेला फेस दिसला.

“बघ,” मेट्रन म्हणाली. “उगाच नव्हते मी नव्वद दिवस म्हणत.” तिच्या आवाजात काळजी होती आणि, खरं सांगायचं तर, थोडा विजयही होता.

डॉक्टरने औषध दिलं, या वेळी दोघांचेही नमुने घेतले. सहाव्या दिवशी धाकटा मेला.

सून मागच्या खोलीत फरशीवर बसून रडली. मेट्रन तिची समजूत काढायलाच गेली होती. पण पोटात थोरल्याची काळजी होती आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

“तुझ्या माहेरूनच घेऊन आला तो ही घाण. मी घरात घेतलं, हीच चूक झाली.”

“आला तेव्हा तो बरा होता, आई.”

“माहेरचं सगळं सगळ्यांना बरंच दिसतं.”

सुनेने डोळे पुसले. त्यानंतर ती मेट्रनशी कामापुरतंही बोलली नाही. मुलाने मध्ये पडून पाहिलं, दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

त्यानंतर रिपोर्ट यायला आणखी चार दिवस लागले. ते चार दिवस मेट्रनला जेवण गोड लागलं नाही. ती काचेच्या पेटीजवळ खुर्ची टाकून बसायची आणि थोरल्याचा श्वास मोजायची. नवऱ्याला दिलेला एकच शब्द, आणि तोही हातातून निसटेल असं तिला वाटत होतं.

पाचव्या दिवशी सुनेने बॅग भरली. थोडे दिवस माहेरी जाऊन येते म्हणाली. ती चप्पल घालत असतानाच डॉक्टरचा फोन आला. मेट्रनने मुद्दाम स्पीकर लावला.

“ऐकू दे सगळ्यांना,” ती म्हणाली. “डॉक्टर, थोरला वाचेल ना?”

“थोरल्याला काही होणार नाही.”

मेट्रनचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांनी तिने सुनेकडे नीट पाहिलं. आता तिला माफ करायला हरकत नव्हती. तिने हाताने खूण करून तिला थांबायला सांगितलं.

“पण एक ऐकून घ्या,” डॉक्टर म्हणाली. “धाकट्याचा पहिला नमुना मी राखून ठेवला होता, तो पुन्हा तपासला. तुमच्याकडे आला तेव्हा तो अगदी निरोगी होता. विषाणू थोरल्याच्या अंगात आहे, बरीच वर्षं. त्याला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही, दुसऱ्याला मात्र लागण होते. मला फक्त एवढं सांगा, थोरल्याला हात लावून धाकट्याकडे रोज कोण जात होतं?”