पान एकसष्टवरचा बाण

दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी. परीक्षकांची परतीची गाडी, पावणेपाच. तीन मुदतवाढी. साय धरलेला चहा. बाहेर सभागृहात माइकवर कुणीतरी, "मागच्या बाकापर्यंत आवाज येतोय का?" पान एकसष्ट.

सरांनी ते पान चौथ्यांदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मौखिक परीक्षेला वीस मिनिटं होती. सात वर्षं त्यांनी या प्रबंधाला वाट दाखवली होती. आता नुसती मान वर करायचीही ताकद उरली नव्हती.

दार ढकलून त्यांची विद्यार्थिनी आत आली. "सर, प्रोजेक्टर लागला एकदाचा. आणि बाबा विचारतायत, टाळ्या मधेमधे वाजवायच्या की शेवटी?"

"बस जरा."

"आता बसले तर उठायची नाही मी."

"बस गं."

त्यांनी पान तिच्यापुढे सरकवलं.

तिचा अख्खा प्रबंध एका दाव्यावर उभा होता. नियमांनी बांधलेल्या एका कृत्रिम भाषेत अमुक वाक्य बसतं की नाही हे ठरवणं इतकं अवघड, की कुठल्याही यंत्राला ते झटपट जमणार नाही. असं काही सिद्ध करायची या धंद्यात जुनी रीत आहे. एक नावाजलेला अवघड प्रश्न घ्यायचा आणि दाखवायचं, की आपला प्रश्न ज्याला सुटला त्याला तोही सुटेल. जुन्याकडून नव्याकडे बाण. पान एकसष्टवर बाण नव्याकडून जुन्याकडे गेला होता. पहिलवानाला पाण्याची बादली उचलता येते, एवढंच त्यातून सिद्ध होत होतं. बादली जड आहे, हे नव्हे.

तिला अर्धं मिनिट लागलं.

"उलटा आहे."

"हं."

"पुढची तिन्ही प्रकरणं यावरच..."

"हं."

ती बसली. "परीक्षकांच्या लक्षात आलंय?"

"नसावं. अहवालात त्यांनी स्वल्पविराम तेवढे मोजलेत."

दोघंही हसली नाहीत. बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"सरळ करून बघितलं तर?"

"जमलं तर दोन महिने. नाहीतर दोन जन्म."

"सोमवारी रुजू व्हायचंय, सर. पदवी हातात असेल तरच घेणार आहेत."

"माहीत आहे मला." सरांनी डोळे चोळले. "बोललीस तर आज पदवी नाही. नाही बोललीस तर... तू म्हणशील तसं."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पान उचललं, घडी न घालता, दोन्ही हातांनी.

"मीच सांगते त्यांना. चूक माझी आहे."

सर काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलं, आणि जांभई आली. ती संपेपर्यंत दार लागलं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या तिच्या पहिल्या मसुद्यात तो बाण बरोबर होता. सरांनी तो लाल शाईने खोडून उलटा काढला होता आणि समासात लिहिलं होतं : घाई करू नकोस.