पार्वतीचा आवाज

सून सोनाली कामाला गेली की डिंडोलीचं ते घर पुष्पाबाईंना खायला उठायचं. म्हणून भजनाच्या वेळेआधीच त्या मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून बसत. आज पडद्यावर एकटी पार्वतीच आलेली. पूर्वी भजनी मंडळात मांडीला मांडी लावून बसायची, आता मुलाकडे बारडोलीला.

"पार्वती, काल मना दम तुटना. ती वळ तूच धरी ना वं?"

मंडळाची रीतच होती तशी. एकीचा दम संपला की शेजारणीनं ओळ उचलायची, झील पडू द्यायची नाही. मोबाईलवर मात्र सगळ्यांचे आवाज मागंपुढं येऊन नुसता गलका व्हायचा. म्हणून मंडळाच्या म्होरक्या सुषमाताईंनी ठरवलं, त्या एकट्या गातील, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी झील धरायची. आता बंद माइकात कोण काय धरतंय, देव जाणे!

पार्वतीनं मागं वळून दाराकडं बघितलं.

"मी नुसतं तोंड हालावस, बाई."

"काय सांगस!"

"सून घरमाच फोनवर काम करस. आठे मोठ्यानं म्हनता येत नही. पन तुमनामा बसाले तरी भेटस."

"कधीपासून?"

"आठे उनू तैपासून."

म्हणजे बारडोलीला गेल्यापासून इतके दिवस जिच्या भरवशावर त्या निवांत दम घेत होत्या, ती तिथं नव्हतीच की! पुष्पाबाईंना रडू आलं. पार्वतीचा राग आला असता तर बरं झालं असतं, तोही येईना.

एकेक चेहरा उगवू लागला. "चला बायांनो, माइक बंद!" म्हणत सुषमाताईंनी चाल धरली. पुष्पाबाई गायल्या. दुसऱ्या कडव्याला दम तुटला आणि ओळ तिथंच पडली. मागं फ्रिज तेवढा घुमत होता. पडद्यावर पार्वती डोळे मिटून, आ वासून गात होती. कुणीही फसावं.

भजन संपलं, माइक उघडले.

"वा! आज सगळ्यांचा सूर कसा एक लागला," सुषमाताई म्हणाल्या.

पार्वतीनं मान खाली घातली.

"हो ना," पुष्पाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "पार्वतीचा तर सगळ्यांच्या वर गेला."

"खरंच गं, काय लागला आज!" दोघीतिघी एकदमच बोलल्या.