बोलकी यादी

"अंधांसाठीचा तो कोड काढून टाका, मॅडम," कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. "प्लगिन निम्म्याने हलकं होईल. मग आमच्या सगळ्या वेबसाइटवर तुमचंच बसवू."

मिरजेच्या हेमांगीला जन्मापासून दिसत नव्हतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ती नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरत होती. गावाची दोन अक्षरं टाइप केली की खाली नावांची यादी उघडायची. पण तिला पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्या यादीपाशी गप्प व्हायचा. मुदत संपली, अर्ज राहिला. यादी उघडणारं ते प्लगिन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, कुणीही न्यावा, सुधारावा असा खुला होता. हेमांगी कोड शिकली आणि तिने यादीला बोलतं केलं. ते सांभाळणाऱ्याने पुढे हात टेकले, तेव्हा कारभार तिच्याकडेच आला.

"नाही काढणार," ती म्हणाली.

"अहो, आंधळी माणसं असे कितीसे फॉर्म भरतात?"

"भरू दिले तर कळेल ना!"

तो हसला. "मग तुमचाच कोड नेऊन आम्ही तेवढं काढतो. परवानगी सगळ्यांना आहेच."

"आहे. खुशाल न्या. पण नाव दुसरं ठेवा. माझं प्लगिन मुकं नाही."

तिने फोन ठेवला आणि तासाभरात नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. वेबसाइटवाल्यांना यादीचं बोलणं बंद करायची जी सोय आजवर होती, तीही तिने काढून टाकली होती.