तीन महिन्यांचं रक्त

"नऊ वर्सं तुम्ही ह्यायचं रक्त घेतलं. माणूस एकदा बी पाह्यला नाय."

भामाबाई हे कंपनीच्या माणसाला बोलली, सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत. तो वाळूजहून स्कूटरवर आला होता. बगलेत फाईल, हातात अंगठ्याचं पॅड. बाईला सही येत नसणार, हे त्यानं ऑफिसातूनच ठरवून आणलं होतं.

"आवाज कमी करा, मावशी. आजारी माणसं आहेत इथं."

"म्हाईत हाय. त्यातलं एक माझं हाय."

आत खाटेवर सखाराम पडला होता. अकरा वाजता त्याचा पाय गुडघ्याखाली कापायचा होता. पंधरा दिवसांमागं भट्टीची ठिणगी त्याच्या बुटात गेली आणि तो तसाच पाळी संपेस्तोवर उभा राहिला. घरी भामाबाईनं बूट काढला तर मोज्याबरोबर कातडी निघाली. तो हसला होता. "दुखलंच नाय की गं!"

कंपनीच्या माणसाच्या कागदावर टाईप केलेलं होतं : कामगाराने मधुमेह लपवला, सबब कंपनी जबाबदार नाही.

भामाबाईच्या हातात दुसरा कागद होता. रक्त मुंबईला गेलं होतं, त्याचा रिपोर्ट सकाळीच आला. पोरसवदा डॉक्टरीणबाईनं तिला नीट समजावलं होतं. साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटते. पेशी मरेपर्यंत सुटत नाही. म्हणून हे रक्त एका सकाळचं सांगत नाही, मागच्या तीन महिन्यांचं सांगतं. सहाच्या आत पाहिजे, ह्यांचं साडेदहा आहे.

"कंपनीच्या तपासणीच्या आधी ह्यांना उपाशी ठेवत होता ना? सगळेच ठेवतात. त्यानं त्या दिवसाची साखर उतरते, मावशी. ही नाही उतरत."

भामाबाईनं डॉक्टरीणबाईकडून तो कागद मागून घेतला होता.

सासऱ्यानं दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव नदीत गेले, त्यांच्याबरोबर उपास गेले. एकादस नाही, चतुर्थी नाही. कंपनीचा उपास मात्र तिनं पाळला. शेजारच्या सांडूला शुगर निघाली, तर त्याला गेटवरूनच घरी धाडलं होतं. शुगर सखारामलाही होती, आणि तो नऊ वर्षं बदली कामगार; कायम होण्याची यादी आज लागंल, उद्या लागंल. म्हणून दर ऑक्टोबरात, तपासणीच्या आधी दोन दिवस, ती त्याला कारल्याच्या रसावर ठेवायची. स्वतः त्याच्याकडं पाठ करून भाकर खायची. तिसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब रक्त तपासून लिहायचा : फिट. साहेबानं लिहिलं म्हणजे शुगर गेली, असं दोघं धरून चालायची. त्या संध्याकाळी ती हौसेनं गोड करायची.

आणि कारखान्यात डबल पाळीला चहा फुकट, पाकासारखा. बिनसाखरेचा मागितला की संशय. तो आठ-आठ कप प्यायचा आणि भट्टीसमोर उभा राहायचा.

बाहेर हलग्या वाजायला लागल्या. विद्यापीठाला नाव मिळालं होतं, सकाळपासून रस्ता निळा झाला होता. कुणीतरी व्हरांड्यात पेढे वाटत आलं. एक पेढा भामाबाईच्या तळहातावर ठेवून गेलं.

आतून सखारामनं हाक मारली. "भामे, निघाली का मिरवणूक?"

"निघाली."

"ह्याच पायानं चाललो व्हतो गं, नावासाठी. जेलात बी गेलो."

"व्हय."

"लोकं लई हायेत का?"

"लई हायेत. पडून ऱ्हावा तुम्ही."

कंपनीच्या माणसानं घड्याळ पाहिलं. "मावशी, ऑपरेशनच्या आधी झालं तर बरं. लपवलं हे तर खरंच आहे ना?"

"खरं हाय."

त्यानं पॅड उघडून पुढं केलं. तिनं ते बंद केलं.

"पेन द्या."

पेढा पदराच्या टोकाला बांधून ती बाकावर टेकली. सहीच्या जागी तिनं एकेक अक्षर दाबून लिहिलं : दोन दिवस मी उपाशी ठेवलं. ते दोन दिवस माझे. भामाबाई सखाराम.

स्ट्रेचर बाहेर आलं. सखारामनं मान वळवून हलग्यांच्या बाजूला कान दिला. तिला त्याच्यामागं जायचं होतं. पण ती उभी राहिली, रिपोर्ट कंपनीच्या माणसाच्या फाईलवर ठेवला आणि पेन त्याच्या हातात कोंबलं.

"तीन महिने हायेत ह्या कागदात. माझे दोन मी लिव्हले. बाकीच्या दिवशी हा माणूस कुणाच्या भट्टीवर उभा व्हता? लिव्हा. मी हितंच उभी हाय, लिव्हा!"