तिसरं पद

लढाई सुरू होऊन चौथा दिवस होता आणि देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दामोदरबुवांनी कीर्तनाच्या उत्तररंगात रणावर निघालेल्या शिलेदाराचं आख्यान लावलं होतं. दुसऱ्या पदाअखेर शिलेदार घोड्यावर बसला आणि टाळ्यांच्या जागी घोषणा उठल्या. निवडणुकीला उभे असलेले अण्णासाहेब पहिल्या रांगेतून ओरडले, "बुवा, आता होऊ द्या कापाकापी! लोक पेटलेत!"

बुवांची नजर यमुनावहिनींवर गेली. समईशी वाती वळणारा त्यांचा हात मांडीवर थिजला होता. त्यांचा मुलगा सीमेवर होता आणि चार दिवस त्याचा फोन नव्हता. तिसऱ्या पदात तर शिलेदार पडतो. बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "आज इथंच पुरे. आरती घ्या."

"अहो, अर्धवट आख्यानाचं पाप लागतं!" अण्णासाहेब तडकले.

"लागू दे मला."

लोक कुरकुरत, मोबाइलवर बातम्या बघत पांगले. वहिनी पाया पडायला आल्या. "बुवा, तिसऱ्या पदात मरतो ना तो? दरसाल ऐकते मी."

नारदाच्या गादीवर बुवा आजवर खोटं बोलले नव्हते. "यंदा पद बदललंय, वहिनी," ते म्हणाले. "यंदा तो घरी येतो."

वहिनींनी डोळे पुसले आणि रिकाम्या सतरंजीवर अगदी पुढं येऊन त्या बसल्या. "मग तेवढं म्हणा ना. ऐकून जाते."

बुवांनी घसा साफ केला. गुरूंनी त्यांना रणात पडणाऱ्यांची कितीतरी पदं शिकवली होती. घरी परतणाऱ्याचं एकही नव्हतं.